हबवाला टीव्ही घेताय? आधी घरात रात्री बटणं कोण बंद करतं ते बघा

आमचा जुना टीव्ही गेल्या वर्षी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी गेला, घरात वीस माणसं, मी मोदकांच्या वाफेत, आणि बाहेरून मुलगा ओरडतोय आई टीव्हीवर रेघा आल्या. आधी आडव्या रेघा, मग नुसता आवाज, मग तोही नाही. अकरा वर्षं चालला बिचारा, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. लगेच नवा घेणार होतो पण ३ सप्टेंबरला रात्री बातमी आली की ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ होणार, आणि तो २२ सप्टेंबरपासून म्हणजे बरोब्बर घटस्थापनेपासून. मग काय, थांबलो. मूळ किंमत ५०,००० धरली तर ६४,००० चे ५९,००० होतात, पाच हजार काय झाडाला लागतात का. तेवढे तीन आठवडे सासूबाईंनी सगळ्या मालिका माझ्या फोनवर बघितल्या आणि ऑफिसचे कॉल आले की कट केले, पण ते जाऊदे.

टीव्ही घेऊन सहा महिने झालेत. पिक्चर कसा आहे, आवाज कसा आहे यावर ढिगाने व्हिडिओ आहेत, ते मी लिहीत बसत नाही. मी लिहितेय ते त्याच्या आतल्या स्मार्ट होम हबबद्दल, म्हणजे घरातले दिवे, प्लग, सेन्सर एकत्र जोडून चालवणारा जो भाग असतो त्याबद्दल, कारण घेताना मला कोणी धड सांगितलं नाही आणि जे कळलं ते ठेच लागूनच कळलं.

हब हवा होता तो आमच्या बाबांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी. वय ८१. आम्ही आधी तीस वर्षं ठाण्यात वर्तकनगरला होतो, आता सहा वर्षं झाली मानपाड्याला आलो. बाबांना हल्ली मधूनच वाटतं आपण अजून वर्तकनगरलाच आहोत, मग पहाटे तीनला उठतात, स्वेटर घालतात, बूट घालतात आणि तिथल्या उपवन तलावावर फिरायला निघतात. इथून! घोडबंदर रोडवरून! दोनदा वॉचमनने गेटवर थांबवलं. दाराला वरून कडी लावा असं सगळे सांगतात पण नवऱ्याला ते पटत नाही, बाबांना कोंडल्यासारखं वाटतं म्हणतो, आणि मलाही खरं सांगायचं तर नाही पटत. म्हणून ठरवलं की दाराला सेन्सर लावायचा. रात्री अकरा ते पाचच्या मध्ये दार उघडलं की हॉलमधला दिवा लागला पाहिजे आणि आमचे दोघांचे फोन वाजले पाहिजेत, बास. आम्हाला काही टाळी वाजवली की पडदे सरकतात असलं घर नको होतं.

दाराचा सेन्सर म्हणजे दोन छोटे तुकडे, एक दाराला, एक चौकटीला, एकात चुंबक आणि एकात नाण्याएवढा सेल. वायफायवर चालणारेपण मिळतात पण वायफाय सेल लवकर खातं. झिगबी म्हणून एक कमी वीज खाणारं वेगळं वायरलेस असतं, ते झिगबीवाले एका सेलवर वर्ष-दीड वर्ष आरामात काढतात, फक्त झिगबी थेट राउटरशी बोलत नाही, त्याला मध्ये दुभाषा लागतो, आणि तो दुभाषा म्हणजे हब. माझा भाचा ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये आहे, तो म्हणाला, "मावशी, टीव्ही घेतेच आहेस तर हबवाला घे ना, वेगळा डबा कशाला." तिथून हे सगळं सुरू झालं.

मग नवरात्रातल्या गर्दीत माजिवड्यापासून मानपाड्यापर्यंत तीन मोठी दुकानं पालथी घातली. मेट्रोच्या खांबांखालून, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायला पाऊण तास, चालत गेले असते तर लवकर पोचले असते. तिन्ही दुकानांत एकच अनुभव म्हणून नावं लिहीत नाही. टीव्ही सगळे शोरूमच्या मोडवर, समुद्रातले मासे आणि कापलेली कलिंगडं, रंग असे की डोळे दुखावेत, आणि एकालाही इंटरनेट जोडलेलं नाही. इंटरनेट नाही म्हणजे हबचा मेनू उघडतच नाही, म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी आले तीच बघता येत नाही. एका मुलाला विचारलं ह्याच्यात हब आहे का, तर म्हणे, "हो मॅडम, सगळं आहे, अलेक्सा आहे, गूगल आहे." म्हटलं ते नाही रे, झिगबी आहे का, थ्रेड आहे का, मॅटर आहे का? तर म्हणे, "काहीच मॅटर नाही मॅडम, एक वर्ष वॉरंटी आहे." मला हसू आवरेना. त्याची चूक नाही म्हणा, त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

तर जे मला तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं ते सांगते.

मॅटर म्हणजे एक ठरवून घेतलेली भाषा. वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे, प्लग, सेन्सर एकमेकांशी बोलावेत म्हणून ॲपल, गूगल, अ‍ॅमेझॉन, सॅमसंग सगळे एकत्र आले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा पहिला मसुदा पक्का झाला. जी संस्था तो चालवते ती आधी झिगबी अलायन्सच होती, नंतर नाव बदललं. आपल्याकडच्या घरात ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो पंखा मात्र त्या यादीत वर्षभराने, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आला, यावरूनच कळतं यादी कुठल्या देशातली घरं डोळ्यासमोर ठेवून केली होती. आता गंमत अशी की टीव्हीच्या खोक्यावर मॅटरचं चिन्ह असलं तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे हा टीव्ही दुसऱ्या कुणाच्या तरी अ‍ॅपमधून चालू-बंद करता येतो, म्हणजे तो स्वतः नोकर. दुसरा म्हणजे हा टीव्ही बाकीच्यांना चालवतो, म्हणजे तो मुकादम. चिन्ह तेच! आपल्याला मुकादम हवा असतो आणि आपण चिन्ह बघून नोकर घेऊन येतो. म्हणून खोक्यावर जाऊ नका, कंपनीच्या भारतातल्या साइटवर त्याच मॉडेलच्या पानावर हब किंवा मॅटर हब असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. भारतातल्याच साइटवर हं, कारण अमेरिकेतल्या व्हिडिओत जे दाखवतात ते इथे त्याच नावाच्या मॉडेलमध्ये असेलच असं नाही.

आणि एवढ्यानेही भागत नाही. हब आहे म्हणजे आत झिगबीचा किंवा थ्रेडचा (थ्रेड म्हणजे झिगबीसारखंच कमी वीज खाणारं दुसरं वायरलेस) रेडिओ आहे असं नाही. पुष्कळ टीव्हींत हब म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर असतं, ते वायफायवरच्या वस्तू सांभाळतं आणि सेलवर चालणारे सेन्सर आले की हात वर करतं. सॅमसंगचंच घ्या, त्यांनी २०१४ मध्ये स्मार्टथिंग्ज विकत घेतली, २०१६ च्या वरच्या टीव्हींना यूएसबीत काडी, म्हणजे डोंगल, लावून हब करता येईल असं जाहीर केलं होतं, मग २०२२ पासून हब टीव्हीच्या आतच यायला लागला, पण त्यातही काही मॉडेलांना झिगबी-थ्रेडसाठी वेगळी काडी लागते आणि काहींत रेडिओ आतच असतो. एलजीचं थिंकक्यू आहे, त्यांचे अलीकडचे टीव्ही मॅटरवाल्या वस्तू सांभाळतात. गूगलने २०२४ मध्ये जाहीर केलं की अँड्रॉइड १४ आणि पुढचे निवडक गूगल टीव्ही आणि काही एलजी टीव्ही गूगल होमचे हब होतील, पण तिथेही थ्रेडचा रेडिओ आहे की नाही हे वेगळं बघावंच लागतं. आणि आयफोनवाल्यांनो, टीव्हीवर एअरप्ले आणि होमकिट लिहिलेलं असलं म्हणजे तो हब नव्हे, तो नुसता ॲपलच्या अ‍ॅपमध्ये दिसतो, घर सांभाळायला ॲपल टीव्हीचा डबा नाहीतर होमपॉड लागतोच. माझी नणंद यात फसलीय, सीवूड्सला राहते, अजून चिडलेली आहे.

हे रेडिओचं मला दुकानात नाही कळलं. कळलं ते गोखले रोडवरच्या एका जुन्या डीलरमुळे. छोटं दुकान, आत चार टीव्ही आणि दहा मिक्सर, गल्ल्यावर सत्तरीचे काका. त्यांना विचारलं तर सरळ म्हणाले, "ताई, ते हब-बिब मला कळत नाही, खोटं सांगणार नाही. तुम्हाला तीन मॉडेल नंबर लिहून देतो, घरी जाऊन कंपनीच्या साइटवर मॅन्युअल उतरवून घ्या आणि वाचा, मग या." बिलाच्या मागच्या बाजूला निळ्या पेनाने तीन नंबर लिहून दिले, शेवटच्या अक्षरांखाली दोनदा रेघ मारली आणि म्हणाले शेवटची अक्षरं चुकवू नका, तिथेच सगळा फरक असतो. सगळी पालथी घातलेली दुकानं एकीकडे आणि ही चिठ्ठी एकीकडे. रात्री मॅन्युअल उघडलं, शेवटी शेवटी वायरलेसचा तक्ता असतो, त्यात वायफाय, ब्लूटूथ असं लिहिलेलं असतं आणि आत रेडिओ असेल तर झिगबी किंवा थ्रेड हा शब्दही तिथेच सापडतो. तीनपैकी एकाच मॉडेलमध्ये सापडला. तोच घेतला, काकांकडूनच, दसऱ्याला. मोठ्या दुकानापेक्षा बाराशे रुपये जास्त गेले, मला त्याचं काही वाटलं नाही.

मी कुठल्या कंपनीचा घेतला ते मुद्दामच सांगत नाहीये. दरवर्षी मॉडेल बदलतं, त्याच कंपनीच्या खालच्या मॉडेलात रेडिओ नसतो, आणि तुम्ही नाव वाचून जाल आणि भलताच उचलून आणाल.

बसवायला आलेला माणूस वीस मिनिटांत भिंतीला लावून गेला, हबचं विचारलं तर ते आमच्याकडे येत नाही म्हणाला. मग रविवारी भाच्याला बोलावलं, मामलेदारची मिसळ खाऊ घातली आणि कामाला लावला. पहिल्यांदा टीव्ही सुरू करताना पाच-सहा पानं संमती मागतात, त्यातलं तुम्ही काय बघता ते ओळखून कंपनीला कळवणारं जे असतं ते आम्ही नाही म्हटलं. उगाच नाही सांगत, अमेरिकेत २०१७ मध्ये विझिओ कंपनीला असंच लोकांना न सांगता बघण्याची माहिती गोळा केली म्हणून २२ लाख डॉलर भरावे लागले होते. मी काय मालिका बघते ते कळलं तर कळू दे एकवेळ, पण आता तोच टीव्ही आमचं दार कधी उघडतं तेही लिहून ठेवणार, जरा तरी बघून टिचक्या माराव्यात.

सेन्सर जोडणं सोपं निघालं. अ‍ॅप उघडायचं, सेन्सरचं बारकं बटण सुईने दाबून धरायचं, दिवा लुकलुकला की झालं. दार टीव्हीपासून बारा फुटांवर, काही अडचण नाही. मग हौस आली म्हणून ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनखाली पाणी गळतीचा सेन्सर ठेवला, तो मात्र दर दोन तासांनी ऑफलाइन. टीव्ही हॉलच्या एका टोकाला, बाल्कनी स्वयंपाकघराच्या पलीकडे, मध्ये दोन भिंती आणि फ्रिज. भाचा म्हणाला मध्ये एक झिगबीचा प्लग लाव. विजेवर चालणाऱ्या झिगबीच्या वस्तू एकमेकांचा निरोप पुढे ढकलतात, सेलवरच्या ढकलत नाहीत. तसा प्लग मिक्सरच्या बाजूला लावला आणि सेन्सर लगेच सापडला. भाच्याकडे स्वतःचा काडीवाला टीव्ही आहे, त्याचा वेगळाच घोळ, काडीच्या शेजारच्या यूएसबीत हार्ड डिस्क लावली की सेन्सर गायब. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास होतो आणि झिगबीही तिथेच बोलतो. एक फुटाची एक्स्टेन्शन वायर लावून काडी लांब नेली, सुटला प्रश्न. काडीवाला घेणार असाल तर ही वायर आधीच घेऊन ठेवा.

दोन गोष्टी हबने होणार नाहीत, त्या आधीच सांगून ठेवते. एक म्हणजे एसी. आपल्याकडचे बहुतेक एसी साध्या रिमोटवर, तो रिमोट इन्फ्रारेडचा, त्याच्याशी झिगबीचा काही संबंध नाही, त्याला वेगळा आयआर ब्लास्टर लागतो. बीएलडीसी पंख्यांचे साधे रिमोटही तसेच. दुसरं, तुमच्या घरात सगळे वायफायचे बल्ब आणि वायफायचे प्लग असतील तर हब नसला तरी ते चालतातच, त्यासाठी टीव्हीवर जास्तीचे दहा-पंधरा हजार घालायची काही गरज नाही. आणि मराठीत बोलून काही चालवू असं डोक्यात असेल तर काढून टाका, फोनवर गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी कळतं, आमच्या टीव्हीशी मात्र हिंदीत नाहीतर इंग्रजीत बोलावं लागतं. बाबा त्याला "अहो" म्हणून हाक मारतात, तो गप्प.

आता मुख्य गोष्ट. दीड महिना सगळं झकास. बाबा चार वेळा उठले, चारही वेळा दार उघडताक्षणी हॉलचा दिवा लागला, फोन वाजला, नवरा उठून गेला. गंमत म्हणजे नुसता दिवा लागला की बाबा स्वतःच थबकतात, इकडेतिकडे बघतात, "अरे अजून रात्रच आहे" म्हणतात आणि बूट काढतात. दिव्याचं एवढं काम आहे. मी खूश, ऑफिसात चार जणींना सांगून झालं.

मग नोव्हेंबरात एका पहाटे इंटरकॉम वाजला. चार वाजायला दहा कमी. वॉचमन म्हणाला, "आजोबा खाली बाकड्यावर बसलेत, मी चहा दिलाय, या सावकाश." आम्ही धावत खाली. बाबा मजेत, कोपऱ्यावरची रिक्षा कधी मिळेल विचारत होते. वर आलो, फोन बघितला, एक नोटिफिकेशन नाही. अ‍ॅप उघडलं तर हब ऑफलाइन, रात्री अकरा वाजून सात मिनिटांपासून. टीव्हीजवळ गेले, लाल दिवा नाही. बोर्डवरचं बटण बंद.

सासूबाई! त्यांचा नेम आहे, झोपायच्या आधी घरभर फिरायचं आणि एकेक बटण खाली. गॅसचा नळ, गीझर, मिक्सर, चार्जर, टीव्ही. जुन्या टीव्हीचं बटणही अकरा वर्षं त्यांनीच बंद केलं, म्हणूनच एवढा टिकला असं त्यांचं म्हणणं, आणि विजा कडकडतात तेव्हा ते खोटंही नाही. नव्या टीव्हीच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली होती. तिचा डिंक सुटला असेल, पडली, आणि त्यांचं बोट सवयीने तिथे गेलं. चूक म्हणायची तर कोणाची? टीव्ही रिमोटने बंद केला तरी आतला हब जागा राहतो, पण त्यासाठी त्याला वीज लागते ना. परदेशातल्या घरांत भिंतीवरच्या सॉकेटला बहुतेक ठिकाणी बटणच नसतं, तिथे हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण आणि प्रत्येक घरात एक बटण बंद करणारं माणूस.

दुसऱ्या दिवशी मी समजवायला गेले. म्हटलं, "आई, टीव्हीचं बटण रात्री चालू ठेवायचं, बाबांच्या दाराचं मशीन त्याच्यात आहे." त्या म्हणाल्या, "अगं पण टीव्ही तर बंद आहे ना, मग बटण कशाला चालू, बिल येतं." म्हटलं किती येतं बघू. मीटरवाला प्लग लावून बघितला तर टीव्ही बंद असताना अकरा वॅट दाखवत होता, म्हणजे चोवीस तास तसाच राहिला तर महिन्याला आठ युनिटच्या आत. हब बंद करून नुसतं स्टँडबाय ठेवलं तर जेमतेम एक वॅट. युनिटला सगळे आकार धरून दहा-बारा रुपये पकडले तर ऐंशी-नव्वद रुपये महिना. मला वाटलं हे ऐकून विषय संपेल. त्या म्हणाल्या, "नव्वद रुपयांत दीड लिटर दूध येतं." त्यांच्याशी हिशोबात कोणी जिंकलेलं नाही.

आणि हा प्रश्न नुसता बटणाचा नाही हे तेव्हा लक्षात आलं. महावितरणचं देखभालीचं काम असतं तेव्हा वीज गेली की टीव्ही गेला, टीव्ही इन्व्हर्टरवर कोण ठेवतं. ऊर्जा बचतीचा एक मोड असतो, तो चुकून चालू झाला की स्टँडबायमध्ये नेटवर्कच तुटतं, तो तपासून बंद ठेवा. रात्री अपडेट आला की टीव्ही स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तेवढी मिनिटं घर आंधळं. स्वयंपाकघरातला तो झिगबीचा प्लगसुद्धा आई रोज बंद करत होत्या, म्हणजे गळतीचा सेन्सर रात्रभर बहिराच होता, ते मला इतक्या दिवसांनी कळलं. आणि पॅनल गेला, टीव्ही आठ दिवस सर्व्हिस सेंटरला गेला तर? सगळे सेन्सर अनाथ. टीव्ही दहा वर्षं चालेलही, पण सॉफ्टवेअर किती वर्षं? सॅमसंगने २०२३ नंतरच्या टीव्हींना सात वर्षं अपग्रेड देऊ म्हटलंय, एलजीने पाच वर्षांत चार अपग्रेड, बाकीच्यांचं विचारून घ्या. मला आता असं वाटतं की ज्या गोष्टीवर घरातल्या माणसाची काळजी टांगलेली आहे ती टीव्हीच्या पोटात ठेवू नये. पाहुणे आल्यावर एका बटणात दिवे मंद, मशीन धुऊन झालं की टीव्हीवर पट्टी, सिनेमा लावला की मागचा दिवा निळा, असल्या चैनीला टीव्हीचा हब एकदम मस्त आहे, सोफ्यावर बसून रिमोटने सगळं दिसतं, फोन शोधावा लागत नाही, मुलगा तर त्याच्यावर फिदा आहे. चैन एक दिवस बंद पडली तर काही बिघडत नाही. त्या हिशोबाने मी हबला पाचात तीन देईन, टीव्हीला साडेचार.

शेवटी काय केलं, तर एक छोटा वेगळा हब घेतला, तळहाताएवढा, आणि ठेवला राउटरच्या शेजारी, बेडरूमच्या माळ्याखाली, जिथे राउटरला छोटा बॅकअप आहेच. दाराचा सेन्सर आणि हॉलचा दिवा टीव्हीवरून काढून त्याच्यावर घेतला. मॅटरवाली वस्तू असली तर एकाच वेळी दोन हबांना जोडता येते, आमचा सेन्सर साधा झिगबीचा म्हणून आधी एकीकडून काढून मगच दुसरीकडे, सगळं मिळून अर्धा तास. पहिल्यापासून हेच केलं असतं तर टीव्ही एक पायरी खालचा घेऊन पैसे वाचवले असते, पण ते तेव्हा कोणाला सुचतं. नव्या जागेचं कारण भाच्याला वाटलं बॅकअप. बॅकअप आहेच, पण खरं कारण वेगळं. राउटरचं बटण हे आमच्या घरातलं एकमेव बटण आहे जे आई रात्री बंद करत नाहीत, कारण पहाटे पाचला त्यांच्या माहेरच्या ग्रुपवर सुप्रभात यायला सुरुवात होते आणि वायफाय नसलं की फोटो उघडत नाहीत. परवा मुलाने त्या बोर्डला चार्जर लावायला हात घातला तर त्याच्यावर अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

डिसेंबरपासून एकदाही चुकलेलं नाही. बाबा आठवड्यातून दोनदा तरी उठतात, दिवा लागतो, बूट काढतात.

सगळं नीट बसल्यावर त्या दिवशी रात्री आई हॉलमध्ये उभ्या होत्या, बोर्डजवळ. म्हणाल्या, "म्हणजे आता टीव्हीचं बटण बंद केलं तर चालेल ना?"

म्हटलं, "चालेल आई."

टक्.